रुमाल बांधायचा राहिला

माझ्या गॅरेजमध्ये हँडल बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर मी आधी रुमाल बांधतो आणि मग त्याला त्याच्याच गाडीवर बसवतो. पोरं हसतात. मोबाइल काढून शूटिंग करतात. ‘क्या यार, आंधळी कोशिंबीर काय?’ म्हणतात. वयस्कर माणसं मात्र चिडतात. मागच्या महिन्यात मुलुंडचे एक गृहस्थ ‘मी काय गुन्हेगार आहे का?’ असं म्हणून तणतणत गेले आणि पुढच्या नाक्यावरच्या गॅरेजात दहा मिनिटांत हँडल बसवून घेऊन माझ्या समोरून गेले. जाऊ दे. ही सवय मला ज्या माणसाने लावली त्याच्याबद्दल चांगलं बोलावं असं माझ्या मनात फार काही नाही. पण रुमाल हातात घेतला की तोच माणूस समोर येतो, त्याला माझा इलाज नाही.

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या वर्गाला ते आम्हाला शिकवायचे. मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत फिटर होते, मुलगा मास्तर झाला. अंगाने बुटके, खांदे मात्र रुंद. खाकी शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी, खडूचा तुकडा आणि चौकड्यांचा रुमाल. रुमालाला कायम बामचा वास. वर्गात त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नाही. डबासुद्धा उभ्याने खायचे, भिंतीकडे तोंड करून. कोणी मध्येच काही विचारलं तर घास गिळून होईपर्यंत डावा हात वर करून त्याला थांबवून ठेवायचे.

नावं त्यांना पाठ होत नसत, किंवा करायचीच नसत. हजेरीपटावरचा नंबर हेच आमचं नाव. मी सतरा. वर्गात ठीक आहे हो, पण बाजारात, स्टेशनबाहेर, कुठेही दिसलो तरी लांबून हाक, “ए सतरा!” एकदा भांडुपच्या भाजी मार्केटात आई बरोबर होती. तिला पाहून म्हणाले, “सतराची आई काय?” घरी येऊन आई म्हणाली, “तुझा मास्तर तुला कैद्यासारखा नंबराने बोलावतो का रे?” मी हसलो. तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं.

त्यांच्या स्वतःच्या गाडीला हॉर्न नव्हता. होता, तो त्यांनी काढून टाकला होता. “हॉर्न वाजवणाऱ्याक ब्रेक लावूक येणा नाय,” असं त्यांचं मत. एरवी ते साधं मराठी बोलायचे, पण चिडले किंवा रंगात आले की मालवणी सुरू. एकदा चेकनाक्याजवळ हवालदाराने पकडलं. बिनहॉर्नची गाडी म्हटल्यावर पावती फाडली. ह्यांनी ती नीट घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, “साहेब, तुमच्या गाडीचं हँडल डावीकडे गेलंय. तुमचं मनगट दुखत असणार.” हवालदार काही बोलायच्या आत त्याच्या गाडीचं पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून त्यांनी हँडलला एक हिसडा दिला, पट्टी लावून बघितली आणि निघून गेले. मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो, म्हणून मला हे माहीत. हवालदार तोंड उघडं टाकून मनगट दाबत राहिला होता.

आमच्याच वर्गातल्या एकाच्या लग्नाला त्यांना बोलावलं होतं. अक्षता पडल्या आणि सर गायब. जेवणं उरकत आली तेव्हा ते हॉलच्या मागे पार्किंगमध्ये सापडले. एका ओळीत लावलेल्या चाळीसेक गाड्यांतल्या वाकड्या हँडलच्या तेवढ्या गाड्या त्यांनी सरळ करून ठेवल्या होत्या. शर्ट घामाने भिजलेला, हाताला काळं. कोणाला सांगितलं नाही, कोणाला कळलं नाही, लोक आपापल्या गाड्या काढून घरी गेले. सरांना शेवटच्या पंगतीला एकट्याला वाढलं. जेवले अर्थात उभ्यानेच.

हँडल ह्या एका वस्तूवर त्यांनी आम्हाला जितकं शिकवलं तितकं इंजिनवरही शिकवलं नसेल. त्यांचं म्हणणं साधं होतं. गाडी कंपनीने केलेली, माणूस आईबापांनी केलेला, दोन्हीत आपल्याला ढवळाढवळ करता येत नाही. दोघांच्या मध्ये आपल्या हातात असतं ते हँडल. म्हणून आधी माणूस मोजायचा. त्याला गाडीवर ताठ बसवायचं, डोळे मिटायला लावायचे, हात सैल पुढे करायला सांगायचं. हात जिथे आपोआप थांबतील तिथे खडूने हवेत खूण करावी तसा हात हलवून ते म्हणायचे, “हँडल हडे येवक होया. माणूस हँडलाकडे जाता कामा नये.”

पण माणूस लबाड. डोळे मिटले तरी हातांना हँडल कुठे आहे ते माहीत असतं. पापणी किलकिली होते, पाठ नकळत वाकते, हात बरोबर मुठीवर जाऊन पडतात. आणि मग गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक खूश, आणि महिन्याभराने मानेला पट्टा. म्हणून तो रुमाल. कोणीही असो, प्रिन्सिपॉल असोत की वॉचमन, मोजायच्या आधी सर डोळ्यांवर रुमाल बांधायचे. बामने डोळ्यांतून पाणी यायचं.

रायझरचा त्यांना राग होता. रायझर म्हणजे हँडल आणि त्याच्या क्लॅम्पमध्ये बसवायचे ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे. त्यांनी हँडल इंच-दीड इंच वर येतं, थोडं अंगाकडे येतं. हल्ली लडाखला निघालेला प्रत्येक पोरगा ते ऑनलाइन मागवून माझ्याकडे येतो. तेव्हा एवढं फॅड नव्हतं, तरी कोणी रायझरचं नाव काढलं की सर म्हणायचे, “रायझर कित्याक व्हयो? आधी हँडल बदल. बरोबर उंचीचं, बरोबर वाकाचं हँडल आण. मग परत डोळे बांध, परत हात बघ. तरीसुद्धा हात तोकडो पडलो, तर आणि तरच रायझर.” म्हणजे रायझर त्यांना वर्ज्य नव्हते. फक्त ते लागले म्हणजे आपण हरलो, असा त्यांचा हिशेब असावा.

आता परीक्षेचं सांगतो. ते टाळून त्यांच्याबद्दल बोलता येत नाही.

प्रॅक्टिकलला मला नेमकं हँडल आलं. जुनं काढून उंच हँडल बसवायचं, क्लच, ब्रेक, एक्सलेटर सगळं जोडून द्यायचं. बाहेरून आलेले परीक्षक जाडजूड होते आणि त्यांना ठाण्याला लवकर परतायचं होतं. त्यांनी हँडल हलवून बघितलं, क्लच दाबला, ब्रेक दाबला, “छान” म्हणाले आणि मार्क टाकून सही केली. सर भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले.

“एक मिनिट, साहेब.”

त्यांनी किक मारली. इंजिन शांत, एका लयीत सुरू झालं. त्यांनी हँडल सावकाश उजवीकडे पूर्ण वळवलं. काही नाही. मग सावकाश डावीकडे वळवलं, आणि इंजिनचा आवाज आपोआप चढला. एक्सलेटरला कोणाचाच हात नव्हता.

“केबल तोकडी पडली,” सर म्हणाले. “ह्याने ती गाडीच्या मानेच्या चुकीच्या बाजूने काढली. डावीकडच्या वळणावर ही गाडी स्वतःहून पळणार. ह्याका पास करतलास?”

परीक्षकांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्यासमोर मार्कांवर काट मारली. हँडल दोन्ही बाजूंना वळवून ऐकायला अर्धं मिनिट लागतं. मला ते येत होतं, सरांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी घाईत राहिलं. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “नापास, सतरा. पुढचा.”

त्या महिन्यात एका मोठ्या कंपनीत अप्रेंटिसची भरती होती. बाबांनी एका साहेबाच्या दारात चार खेपा घालून माझं नाव यादीत घातलं होतं. निकाल नाही म्हणून ते नाव गेलं, आणि सहा महिन्यांनी मी पास झालो तेव्हा भरतीच बंद झाली होती. ती पुढे कधी उघडली नाही. माझ्या बरोबरीचे दोघे आज तिथे सुपरवायझर आहेत, क्वार्टरमध्ये राहतात. मी वर्षभर घाटकोपरला एका गॅरेजात रॉकेलने पार्ट धूत होतो. माझ्या हाताला तेव्हा फुटलेल्या भेगा अजून थंडीत उघडतात, आणि उघडल्या की मला तो आवाज ऐकू येतो, इंजिनचा आपोआप चढलेला.

आईने घरी एकच विचारलं, “आडनाव विचारलं होतं का त्याने?” आम्ही बौद्ध, आजोबा जालन्याकडून आलेले. आमच्या घरात हा प्रश्न हवेतून येत नाही, त्याच्यामागे आजोबांपासूनचे दाखले आहेत. पण ह्या माणसाला माझं नावच ठाऊक नव्हतं, तर आडनाव कुठून कळणार? हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी आईला म्हणालो, “असेल.” त्या ‘असेल’वर मी वर्ष काढलं. चूक आपली होती म्हणण्यापेक्षा ते सोपं पडलं. दाखले खरे होते, मी ते खोट्या जागी वापरले, आणि ह्याची लाज मला अजून वाटते.

फेरपरीक्षेला सर होतेच, त्याच भिंतीला टेकून. मी हँडल डावी-उजवीकडे तीनदा फिरवून दाखवलं. ते म्हणाले, “आता जा.” अभिनंदन वगैरे काही नाही.

मग काही वर्षांनी मी भांडुपला, टेकडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. सर त्याच रस्त्याने जायचे. गॅरेजसमोर आले की गाडी हळू करायचे, बाहेर लावलेल्या गाड्यांच्या हँडलांवरून एक नजर फिरवायचे आणि जायचे. अकरा वर्षं. एकदाही उतरले नाहीत. ते दिसले की माझा हात थांबायचा. मी त्यांच्यावर धुमसायचो आणि त्याच वेळी ते उतरतील का म्हणून वाट बघायचो. उतरावं, एखाद्या हँडलवर हात ठेवावा आणि ‘बरं केलंस’ म्हणावं, बाकी मला काही नको होतं. आता चाळिशीत हे बोलायला काय लाजायचं!

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी ते उतरले.

रिटायर होऊन बराच काळ झाला होता. केस गेलेले, खाकी शर्ट तोच. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

“सतरा, हँडल बदलूचा असा.”

“बसा ना सर. चहा सांगतो.”

“बसूक नाय इलंय.” त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. “खांदो आखडलो. डॉक्टर म्हणता गाडी सोड. चेडवान चावी लपवून ठेवल्यान.” चेडू म्हणजे त्यांची मुलगी, बायको गेल्यापासून ते तिच्याकडे मुलुंडला राहत होते. “माझ्याकडे दुसरी असा,” ते म्हणाले आणि हसले. त्यांना हसताना मी बहुधा पहिल्यांदा पाहिलं.

पुडक्यात नवं हँडल होतं, उंच आणि अंगाकडे वाकलेलं. निवड अचूक होती. मी बसवायला घेतलं. सर भिंतीला टेकून उभे. माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या भिंतीला! मला वर्गात फुटायचा तसा घाम फुटला. लांब केबल घातल्या, मानेच्या योग्य बाजूने काढल्या. किक मारली, हँडल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आवाज चढला नाही. मी वर बघितलं. त्यांनी मान हलवली.

मग ते गाडीवर बसले. “बघ आता,” म्हणाले, आणि खिशातून चौकड्यांचा रुमाल काढून माझ्यापुढे धरला.

मी म्हणालो, “राहू द्या सर. तुम्हाला कसला रुमाल!”

दुसरं काय म्हणणार होतो? ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे बांधले त्यांचे डोळे मी बांधायचे? हात उचलेना. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि रुमाल परत खिशात ठेवला. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, ते मला दिसलं. तिथेच मला कळायला हवं होतं.

त्यांनी डोळे मिटले, हात पुढे केले. डावा हात बरोबर मुठीवर गेला. उजवा मुठीच्या अलीकडे चार बोटं थांबला. मग त्यांची पापणी किलकिली झाली. सीटवर ते अलगद पुढे सरकले, पाठ वाकली, आणि उजव्या हाताने मूठ पकडली.

“टेकलो,” ते म्हणाले. आणि मग, “रायझर नको ना रे?”

ज्याचं उत्तर त्यांना आधीच माहीत नाही असा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. रायझर माझ्या खणात होते. अर्ध्या तासाचं काम. हँडल बदलूनही हात तोकडा पडला तर रायझर, हा नियम त्यांचाच. आणि ते बसवूनही डावीकडच्या पूर्ण वळणाला उजवी मूठ पुढे जाते तेव्हा तो खांदा तिथवर पोचला असता का, हेही त्यांना तसंच बसवून बघायला हवं होतं. नसता पोचला तर ‘सर, गाडी सोडा’ हे त्यांना मी सांगायला हवं होतं.

मी म्हणालो, “नको सर. बरोबर बसलंय.”

“बरा केलंस, सतरा.”

एवढंच म्हणून ते गेले. मी रस्त्यावर येऊन ते वळेपर्यंत बघत राहिलो. आदर होता म्हणून खोटं बोललो, असं मी बायकोला सांगितलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की त्यांची लबाडी मी पकडली होती आणि ते मला गोड लागलं होतं. परीक्षकासमोर मला उघडा पाडणारा माणूस माझ्यासमोर डोळे किलकिले करतो, आणि मी त्याला पास करतो! शिवाय ते दोन शब्द हवे होते. रायझर काढले असते तर ते मिळाले नसते.

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. गॅरेजचं कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशात सापडलं होतं. “दादा, गाडी घेऊन जाता का? बाबा पडले. खुब्याचं हाड मोडलंय. मांजर आडवं आलं म्हणतात.”

मी मुलुंडला गेलो. त्यांच्या सोसायटीचं गेट अरुंद, आत शिरायला डावीकडे पूर्ण वळावं लागतं. फरशीवर ओरखडा होता, बरोबर वळणाच्या टोकाला. हँडल पूर्ण डावीकडे गेलं, उजवी मूठ पुढे गेली, हात मागे राहिला. पुढचा ब्रेक त्याच हाताला. मांजर कुठलं?

तिसऱ्या मजल्यावर ते पलंगावर आडवे होते. बसूनसुद्धा न जेवणारा माणूस आडवा. मुलगी चहा करायला आत गेली. जाताना म्हणाली, “तुमच्या कामाबद्दल सगळ्यांना सांगतात हं. म्हणतात, हँडल एकदम बरोबर होतं, दोष मांजराचा.” म्हणजे त्यांनी मला झाकलं होतं. माझं एक गिऱ्हाईक तुटलं नाही, कोणी गॅरेजकडे बोट दाखवलं नाही.

ती आत गेल्यावर त्यांनी मान वळवली.

“दिसला होता ना तुका?”

“हो सर.”

“रुमाल कित्याक नाय बांधलंस?”

“तुमच्या डोळ्यांवर कसा बांधणार, सर?”

“मी म्हणून नाय बांधलंस?” त्यांनी नजर छताकडे वळवली. “मी तुझी वाट बघलंय. रुमाल काढून हातात दिलंय मेल्या तुका. माका वाटला, सतरा एकटो तरी बांधतलो.”

मी त्यांची अकरा वर्षं वाट बघितली, आणि ते माझ्याकडे आले ते कोणीतरी त्यांना नाही म्हणावं म्हणून. डॉक्टरचं ऐकायचं नव्हतं, मुलीचं ऐकायचं नव्हतं. माझं ऐकणार होते.

“नापास, सतरा,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “फेरपरीक्षा कधी, सर?”

त्यांनी उजवा हात चादरीवरून उचलायचा प्रयत्न केला. तो वीतभर वर आला आणि परत खाली पडला.

“आता खंय रे?” ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

मुलगी चहा घेऊन आली तेव्हा मी तो उभ्यानेच प्यालो.